पऱ्यांचे कोट आणि आपले शहाणपण

‘अडाणी’ हा शब्द शिकलेला माणूस फार लवकर उच्चारतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तेव्हा तो माझ्याही जिभेवर आहेच. आयर्लंडमधील ‘पऱ्यांच्या कोटां’विषयी वाचताना प्रथम तोच आठवला.

हे कोट म्हणजे शेतातली मातीच्या बांधाची, बाहेरून चर खणलेली वर्तुळे. इ. स. ५०० ते १००० च्या सुमारास शेतकरी कुटुंबे अशा आवारात घरे करून राहत. माणसे गेली, बांध उरले. मग लोक म्हणू लागले, येथे ‘भली माणसे’ राहतात. त्यांना परी म्हणायचीही चोरी! बांधाला नांगर लावला किंवा तिथले काटेरी झाड तोडले, तर गुरे मरतात, घरात आजारपण येते. या धाकाने पिढ्यान्‌पिढ्या नांगर वळसा घालून गेला. आज अशा ४० हजारांहून अधिक कोटांची नोंद आहे. स्वतंत्र आयर्लंडचा स्मारक-संरक्षणाचा कायदा १९३० चा; त्याच्या कितीतरी आधीपासून राखणदार होती ती ही भीती.

मग अशी भीती चांगलीच म्हणावी काय? मला तसे म्हणवत नाही. १८९५ साली टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही तरुणी आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, पऱ्यांनी बदलून ठेवलेली कोणी आहे, असे म्हणून नवऱ्याने तिला जाळले. आणि खरी ब्रिजेट कोटातून पांढऱ्या घोड्यावर बसून येईल, म्हणून तो वाट पाहत राहिला! ज्या भीतीने बांध राखले, तिनेच एका बाईचा बळी घेतला.

म्हणून भीती जायलाच हवी. पण तिच्या जागी जाण आली नाही, तर हजार वर्षांचा बांध यंत्र एका दुपारीत सपाट करील. ही जाण कशी येते, हे मला आयर्लंडच्याच शाळकरी मुलांनी दाखवले. १९३७ ते १९३९ या काळात लोककथा आयोगाच्या योजनेत सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून अशा गोष्टी वहीत उतरवल्या. गोष्ट लिहून घ्यायला तिच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही; सांगणाऱ्याला हसू मात्र नये.

माझ्या आजीला अक्षरओळख नाही. या सुट्टीत मी तिच्यापुढे वही घेऊन बसणार आहे. ‘अडाणी’ हा शब्द त्या वहीत येणार नाही.