हेर सापडला, पुढं काय?



हल्ली आपल्या कार्यक्षेत्रातल्या पुष्कळ घरांत संगणक आलेला आहे. घेतलेला असतो पोरांच्या शिक्षणासाठी. पण त्याच यंत्रावर सातबारा काढला जातो, पीक विम्याचा अर्ज भरला जातो आणि ऊसबिल खात्यावर पडलं का, हेही पाहिलं जातं. अशा संगणकावर एके दिवशी अँटिव्हायरसची सूचना येते की, स्पायवेअर, म्हणजे गुपचूप हेरगिरी करणारा प्रोग्राम सापडला. पोरगं बटण दाबतं, ‘काढून टाकला’ अशी अक्षरं उमटतात आणि घर पुन्हा आपल्या कामाला लागतं. माझं म्हणणं असं की, आपण इथंच फसतो. प्रोग्राम गेला असेलही. पण जाण्याआधी त्यानं जे नेलं ते परत आलेलं नसतं.

हुमणीचं पाहा. पानं पिवळी पडून ऊस वाळायला लागतो तेव्हा आपल्याला कळतं, आणि तोवर खाली मुळ्या कुरतडून झालेल्या असतात. हा हेरही संगणक बंद पाडत नाही. संगणक चालू राहण्यातच त्याचा फायदा असतो. काही प्रोग्राम आपण दाबलेलं प्रत्येक अक्षर टिपून घेतात. काही त्याहून चलाख. ब्राउझरमध्ये आपण ‘लक्षात ठेव’ म्हणून साठवलेले सगळे पासवर्ड ते एका दमात उचलून बाहेर पाठवतात. आणखी एक वस्तू ते नेतात, ती कुणाच्या ध्यानी येत नाही. आपण ईमेल एकदा उघडलं की रोज रोज पासवर्ड विचारला जात नाही, कारण गेटवरच्या पाससारखी एक ओळख संगणकात ठेवलेली असते. हा पासच चोरीला गेला, तर काही ठिकाणी नुसता पासवर्ड बदलूनही चोर आतच राहतो.

‘आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाच्या संगणकात कोण कशाला डोकावतंय?’ असं कुणी म्हणेल. पण तो तुम्हाला ओळखून येतच नाही. जाळं टाकलेलं असतं, सापडेल तो मासा. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत ‘लुमा’ नावाच्या एकाच चोरट्या प्रोग्रामची बाधा झालेले ३ लाख ९४ हजारांहून अधिक संगणक मायक्रोसॉफ्ट कंपनीला जगभर आढळले. त्या वेळी पोलीस आणि कंपन्यांनी मिळून त्याचा बंदोबस्त केला खरा, पण असे प्रोग्राम भाड्यानं मिळतात आणि एक गेला की दुसरा येतो.

तेव्हा सूचना आली की पहिलं काम म्हणजे त्या संगणकाचं इंटरनेट तोडायचं, आणि त्यावर एकही पासवर्ड टाइप करायचा नाही. बरेच लोक घाईघाईनं त्याच यंत्रावर बसून बँकेचा पासवर्ड बदलतात. म्हणजे चोर घरात असताना नवी किल्ली त्याच्या हातात द्यायची! हे काम खात्रीच्या दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून करावं. त्यातही आधी ईमेल, मग बँक. कारण ‘पासवर्ड विसरलो’ म्हटलं की नवा पासवर्ड ठरवायचं पत्र बहुतेक ठिकाणी ईमेलवरच येतं. ईमेलच्या सेटिंगमध्ये ‘सर्व ठिकाणांहून बाहेर पडा’ अशी सोय असते, ती वापरावी म्हणजे चोरलेला पास रद्द होतो. आपली पत्रं परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जाताहेत का, तेही तिथंच बघावं. नेट बँकिंगमध्ये पैसे पाठवण्यासाठी एखादं अनोळखी नाव जोडलंय का, ते पाहावं. फोनवरचे मेसेज किंवा व्हॉट्सअॅप संगणकावर उघडून ठेवलं असेल तर फोनमधून ते जोडणं तोडावं. नाहीतर ओटीपीसुद्धा त्याच पडद्यावर येऊन पडतो, मग ओटीपीची राखण काय कामाची?

यानंतर संगणक. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाजूला काढावीत, एकही प्रोग्राम बरोबर घेऊ नये, आणि विंडोज पुसून नव्यानं टाकावं. ‘अँटिव्हायरसनं साफ केलाय की, कशाला तो उपद्व्याप?’ असं दुकानदार म्हणेल. गवताळ वाढीचं बेट आपण वरून छाटून सोडून देत नाही, मुळासकट उपटून जाळतो. नाहीतर खोडव्यात तेच पुन्हा दिसतं. ज्या यंत्रावर पैशाचा व्यवहार होतो, त्याला हाच न्याय लावावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बेण्याबद्दल. हा रोग आला कुठून, हे विचारायला आपण कचरतो. बाजारातनं संगणक आणला की त्यावर फुकटचं विंडोज, फुकटचं ऑफिस ‘टाकून’ मिळतं. कुलूप तोडलेले हे प्रोग्राम चालावेत म्हणून पुष्कळदा अँटिव्हायरस आधी बंद करायला सांगतात. बंद का करायचा, हा प्रश्न कुणी विचारत नाही! पोरंही खेळाची तोडलेली प्रत याच वाटेनं उतरवतात. आपण लावणीला बेणं घेताना प्लॉट बघतो, प्रक्रिया केलीय का विचारतो, जमलं तर कारखान्याच्या बेणे मळ्यातलंच आणतो. आणि इथं मात्र कुणाच्याही पेन ड्राइव्हमधलं चालतं. पोराला रागावून उपयोग नाही, त्याला ते बेणं आपणच दाखवलेलं असतं. संगणक घेताना विंडोजचीही पावती मागावी. जुन्या यंत्रांचंही बघावं: विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. विंडोज ७ ची तर जानेवारी २०२० मध्येच थांबली.

सगळ्याच सूचना खऱ्या नसतात, हेही सांगितलं पाहिजे. एखादं पान उघडल्यावर भोंगा वाजतो, पडदा लाल होतो आणि ‘या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असं दिसतं. ती सूचना नव्हे, तो सापळा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून संगणक लांबून चालवणारं अॅप घ्यायला लावतो, आणि नसलेला हेर तेव्हा घरात येतो.

आणि हेर नेहमी परमुलखातलाच असतो असंही नाही. वाटणीचा दावा चालू असताना भावाच्या संगणकावर असलं काही बसवण्याची बुद्धी कुणाला झालीच, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, एवढं ध्यानात ठेवावं.

पैसे गेले तर लपवू नका. लाजेपायी माणसं आठ-आठ दिवस गप्प बसतात. सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला निघालं. त्यात म्हटलं होतं की, ग्राहकाच्या हयगयीनं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो. बँकेला कळवून लगेच १९३० या नंबरवर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवता येतात ते याच घाईमुळे.

संचालक मंडळाला एक विनंती. माती परीक्षणाला आपण जसे नमुने आणून देतो, तसे सभासदांनी घरचे संगणक गट ऑफिसात आणावेत आणि कारखान्याच्या संगणक विभागानं ते तपासून द्यावेत. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची, हे केंद्र २०१७ साली सुरू झालं, सफाईची साधनं फुकट मिळतात, तेव्हा खर्च फारसा नाही. वर्षातून एक दिवस प्रत्येक गटाला द्यावा, आणि तो गळीत हंगामाचा पहिला हप्ता खात्यावर पडायच्या आत द्यावा. येत्या वार्षिक सभेत मी हा विषय लेखी देत आहे. अनुमोदनाला कुणीतरी उभं राहावं.

— एक ऊस उत्पादक सभासद