मान दुखते, ती नुसती लचक नव्हे

परवा बचत गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीच्या हातातून चहाचा कप सुटला. सगळ्या हसल्या, ती ओशाळली. नंतर हळूच म्हणाली, "ताई, हल्ली ब्लाऊजची बटणंही लागत नाहीत."

दोन महिन्यांपूर्वी मानवत रोडला ती मोटारसायकलवरून पडली होती. घरच्यांनी "लचक भरली असेल" म्हणून तेल लावून मान चोळून घेतली. झालं! परभणीला तपासणीला जायचं तर गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि घरी स्वयंपाक कोण करणार?

मानेच्या सात मणक्यांतून मज्जारज्जू जातो. त्यावर दाब आला की दुखणं मानेत कमी आणि हातापायांतच जास्त जाणवू शकतं. एक्स-रेत हाडं दिसतात. रज्जू आणि नसा पाहायला एमआरआय लागतो. पण त्याआधी डॉक्टर हाताची पकड, कापसाचा स्पर्श, गुडघ्यावर हातोडी, सरळ चालणं असं सारं बघतात. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ साली एक साधा नियम मांडला. अपघातानंतर वय ६५ किंवा जास्त असेल, तीन फुटांवरून पडणं झालं असेल किंवा हातापायांना मुंग्या असतील, तर मानेचा फोटो काढायलाच हवा.

मैत्रिणींनो, हातातून वस्तू पडणं, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं हा काही वेंधळेपणा नाही. अशा वेळी मान चोळणाऱ्याकडे किंवा कडकड मोडणाऱ्याकडे जाऊच नका. अपघात झालेल्याला हातपाय धरून जीपमध्ये कोंबू नका. मान न हलवता १०८ ला फोन करा. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे.

आणखी एक, जरा अवघड गोष्ट. नवऱ्याने मारलं, गळा दाबला, तरी आपण दवाखान्यात "पायरीवरून पडले" असंच सांगतो. मार कुठे, कसा लागला हे कळल्याशिवाय डॉक्टरांनी निदान करायचं तरी कसं? घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानुसार मागितल्यावर रुग्णालयाने उपचार द्यायलाच हवेत. घराची अब्रू झाकताना आपला हात कायमचा लुळा पडला, तर ते घर तरी कोण सांभाळणार?

त्या मैत्रिणीला आम्ही दोघी सोबत घेऊन परभणीला निघालोय. तिच्या घरचा दोन दिवसांचा स्वयंपाक गटातल्या बायकांनी वाटून घेतलाय. तुमच्या गल्लीत कुणाच्या हातातून कप पडला, तर हसू नका. विचारा.