"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हा विचार महाग पडतो



ओपन सोर्सवर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, सॉफ्टवेअर फुकट मिळालं, बिलिंग मस्त चालतंय, मग नवीन व्हर्जनसाठी खर्च कशाला?"

माझं मत सरळ आहे. सॉफ्टवेअर फुकट असतं, त्याची देखभाल फुकट नसते.

ओडू आणि ईआरपीनेक्स्ट ही दोन्ही पायथन भाषेवर चालतात. पायथन 3 आलं डिसेंबर 2008 मध्ये. जुन्या पायथन 2 चा सपोर्ट 2015 ला संपणार होता, पण लोकांची तयारी नव्हती म्हणून मुदत वाढवली. शेवटी 1 जानेवारी 2020 ला तो बंद झाला. ओडू 2017 मध्येच, 11 व्या व्हर्जनला, पायथन 3 वर गेलं होतं.

पण तुम्ही लोकल डेव्हलपरकडून जो खास रिपोर्ट बनवून घेतलाय, त्याचं काय? तो बदलायची जबाबदारी ओडूची नाही. ती आपली.

न बदलल्यास? नवीन सापडलेली सुरक्षेची भोकं मूळ टीम बुजवत नाही. आणि आत काय आहे? गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर, उधारी, स्टॉक. सगळा धंदाच की!

आता दुसरी बाजू. घाईत बदलणंही धोक्याचं आहे. समजा पेटीत 12 नग बसतात आणि माल आहे 30 नग. भरलेल्या पेट्या किती? पूर्णांकांचा साधा भागाकार असेल तर पायथन 2 म्हणतं 2, पायथन 3 म्हणतं 2.5. स्क्रीनवर एरर येत नाही, आकडा गुपचूप बदलतो. कोड आपोआप बदलून देणारं टूल हा भागाकार दुरुस्त करत नाही. म्हणून ताळा आपणच करायचा.

मग करायचं काय?

1. डेव्हलपरला आजच विचारा: "आपला कोड कोणत्या पायथनवर आहे, त्याचा सपोर्ट कधीपर्यंत?" पायथन 3 मध्येही प्रत्येक व्हर्जनला साधारण 5 वर्षंच मिळतात. 3.8 चा सपोर्ट 2024 मध्ये संपलासुद्धा.
2. दिवाळीत आणि मार्च एंडला हात लावू नका. तुमच्या धंद्यातला मंदीचा महिना निवडा.
3. बॅकअप घ्या. आधी कॉपीवर करून बघा. मागच्या महिन्याची तीच बिलं दोन्हीकडे टाका आणि पैशापैशाचा हिशोब जुळवा.
4. दुकानाच्या रंगरंगोटीसाठी पैसे बाजूला काढता ना? तसे यासाठीही दर महिन्याला थोडे काढा.

लायसन्सचे पैसे वाचले म्हणून खुश होणारे खूप भेटतात. त्यातला एक हिस्सा देखभालीला ठेवणारे कमी. धंदा टिकतो तो या दुसऱ्यांचा.

तुमचं सॉफ्टवेअर कोणत्या व्हर्जनवर आहे? तपासा आणि कमेंटमध्ये सांगा.