बूट कुणाच्या पायात?

'गिव्ह एम द बूट' या पंक आणि स्का गाण्यांच्या संग्रहाचे सात भाग निघाले. पहिला 1997 साली, सातवा 2009 साली. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिला भाग जे काम करतो, ते चौथा भाग करत नाही. आणि मुद्दा गाणी चांगली की वाईट हा नाहीच.

आमच्या बेलवलीत हळदीच्या रात्री आगरी-कोळी नॉनस्टॉप वाजतं. स्का म्हटलं की लोक विचारतात, हे काय असतं? तरी बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात हे संगीत ऐकणारी चार-सहा डोकी आहेत आणि ती हट्टानं वाद घालतात. त्यांचं म्हणणं असं की 2004 चा चौथा भाग सरस आहे. रेकॉर्डिंग स्वच्छ, वेग भरपूर, ढिलं गाणं नाही. पहिला भाग म्हणजे नुसती खिचडी. एक गाणं धावतं, दुसरं डुलतं.

मला हा निकषच मान्य नाही. संग्रह म्हणजे दस्तरखान असतो. त्यावर कुणाच्या शेजारी कोण बसलंय हे आधी पाहायचं, चवीचं नंतर.

हा आग्रह कशासाठी, ते समजायला थोडं मागं जावं लागेल. स्का जन्मला जमैकात, 1950 च्या दशकाच्या शेवटी. गिटारचा झटका मुख्य ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत पडतो आणि वरून ट्रॉम्बोन-सॅक्सोफोन बोलतात. 1948 साली 'एम्पायर विंडरश' हे जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसं घेऊन इंग्लंडला पोचलं. त्याच सुमारास सिंधमधून उखडलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन राहत होती. त्या छावणीचं पुढं उल्हासनगर झालं. घर सुटलेला माणूस सामानाबरोबर गाणंही नेतो, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

इंग्लंडमध्ये मात्र एक विचित्र गोष्ट घडली. 1969 च्या सुमाराला डोकं भादरलेली, जाड बूट घातलेली गोरी कामगार पोरं जमैकाच्या याच गाण्यांवर नाचू लागली. त्यांना स्किनहेड म्हणत. त्यांच्यातलेच काही जण रात्री रस्त्यावर पाकिस्तानी आणि बंगाली माणसांना गाठून मारत. गाणं काळ्या माणसाचं, लाथ तपकिरी माणसाला! पुढं नॅशनल फ्रंटसारख्या वंशवादी पक्षानं अशाच पोरांत भरती केली. 4 मे 1978 रोजी पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या बंगाली तरुणाचा खून झाला. दहा दिवसांनी हजारो माणसं त्याची शवपेटी घेऊन पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेली.

म्हणून 'बूट' हा शब्द माझ्या कानाला गमतीचा वाटत नाही. हा बूट कुणाच्या पायात आहे आणि तो कुणावर उगारलाय, हे विचारल्याशिवाय मी पुढं जात नाही.

त्या काळात उत्तर देणारेही होते. त्या खुनाच्या चारच दिवस आधी, 30 एप्रिलला, 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'च्या मेळाव्यात लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये क्लॅश हा पंक बँड आणि स्टील पल्स हा रेगे बँड एकाच मंचावर उभे राहिले. 1979 मध्ये कॉव्हेंट्रीत जेरी डॅमर्सनं 'टू टोन' हे लेबल काढलं. त्याच्या 'द स्पेशल्स' या बँडमध्ये काळे-गोरे एकत्र होते. त्यांनी डँडी लिव्हिंगस्टनचं 1967 चं एक गाणं पुन्हा केलं आणि मूळ गाण्यात ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या रिको रॉड्रिग्जलाच पुन्हा बोलावलं. नक्कल करून भागलं असतं. पण ज्याचं आहे त्याला शेजारी बसवणं त्यांना महत्त्वाचं वाटलं. 2014 च्या निवडणुकीआधी दिल्लीच्या 'स्का व्हेंजर्स'नी याच गाण्याच्या चालीवर नरेंद्र मोदींना उद्देशून गाणं केलं. वारसा असा चालतो.

आता पहिला भाग ऐका. हेलकॅट हे लेबल रॅन्सिड बँडच्या टिम आर्मस्ट्राँगनं काढलं आणि त्याच वर्षी हा संग्रह आला. त्यात रॅन्सिड आहे, ड्रॉपकिक मर्फीजचा दणदणाट आहे, स्लॅकर्स आणि हेपकॅटचा डुलता स्का आहे आणि यांच्याच रांगेत 1964 साली किंग्स्टनमध्ये जमलेले स्कॅटलाइट्स आहेत. पंक ऐकायला आलेल्या पोराला आजोबांना भेटूनच पुढं जावं लागतं. ज्याला तुम्ही खिचडी म्हणता, तिचं कारण हे आहे.

चौथ्या भागात स्का अजिबात नाही असं मी म्हणत नाही, स्लॅकर्स तिथंही आहेत. पण तोवर दस्तरखानावर सायकोबिलीची गर्दी झालीय. नेक्रोमँटिक्स, हॉररपॉप्स, टायगर आर्मी. थडगी, भुतं, केसांचे कोंबडे. मला त्यांचा राग नाही, वाजवतातही झकास. पण संग्रह आता एका घरातल्या भावंडांच्या फोटोसारखा दिसतो. आजोबांची खुर्ची कडेला सरकलीय.

यावर उत्तर येतं की लेबलला आपलेच बँड खपवायचे असतात, त्यात चूक काय? चूक काहीच नाही. फक्त त्याला जाहिरात म्हणा, आणि पहिल्या भागाशी त्याची तुलना करू नका. दुसरं उत्तर असतं, 'संगीतात राजकारण कशाला?' हे विचारणाऱ्यानं आपल्याच इतिहासाकडे पाहावं. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. उद्या कुणी त्या पथकाच्या गाण्यांचा संग्रह काढला, आवाज घासूनपुसून लख्ख केला, आणि तिघांपैकी एकाला 'बाजात बसत नाही' म्हणून गाळलं, तर चालेल? मला चालणार नाही. मग गाळलेला शाहीर अमर शेख असो की अण्णाभाऊ.

आता संग्रह विकत कोण घेतो? मोबाइल एका गाण्यामागं तसंच दुसरं गाणं लावतो. वेगवान ऐकलंत तर आणखी वेगवान. परक्या माणसाशेजारी तो तुम्हाला कधीच बसवणार नाही. म्हणून ज्यांना चौथा भाग आवडतो त्यांनी तो खुशाल ऐकावा. पण एखाद्या नव्या पोराच्या हातात एकच भाग द्यायचा असेल तर पहिला द्या आणि मधलं एकही गाणं पुढं ढकलू नको, असं बजावून द्या.