सायकलस्वाराचा रस्ता कोणता?

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून पूर्ण केली. त्याआधी २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याच्या बळावर पुरी केली होती. अशा पराक्रमांचे कौतुक झाले पाहिजे, यात शंका नाही. परंतु सायकलच्या प्रवासाचा खरा अर्थ समजून घ्यायचा तर एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. नांदेडहून लातूरकडे एकट्याने निघालेल्या सायकलस्वाराचा एक दिवस त्यासाठी पुरेसा आहे.

लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर असा हा सुमारे १४० किलोमीटरचा मार्ग. गोदाकाठ सोडून बालाघाटच्या पठारावर चढत जायचे. पावसाळ्यात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून, म्हणजे समोरूनच येतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास तितक्याच वेगाचा वारा भेटला, तर हवेचा विरोध चौपट होतो. उन्हाळ्यात वारा सुसह्य असेल, पण पारा चाळिशीपार जातो आणि सोबतचे पाणी दुपारपूर्वीच संपते. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलुखात वाटसरूने पाण्याचा हिशेब आधी करावा, हे ओघानेच आले.

ऊन, वारा आणि चढ ही निसर्गाची देणगी आहे. तिच्याविषयी तक्रार नाही. मात्र पाठीमागून भरधाव येणारा मालट्रक, कडेची सैल खडी आणि रुंदीकरणात सावली गमावलेला रस्ता ही माणसाची करणी होय. रस्त्याचा लाभ मोजताना मोटारींचा वाचलेला वेळ पैशांत मांडला जातो. सायकलस्वाराने पत्करलेला धोका मात्र कोणत्याही रकान्यात येत नाही. वस्तुतः २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर मोटार अवघ्या ४.७ टक्के कुटुंबांकडे.

सायकलस्वार आहेतच किती, असा प्रश्न हटकून विचारला जातो. हा युक्तिवाद फसवा आहे. पूल नसलेल्या नदीतून पोहून जाणाऱ्यांची संख्या मोजून पुलाची गरज ठरवता येत नाही. भीतीने घरी राहिलेली मागणी वाहनांच्या गणतीत दिसत नसते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यशासन मागास तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना शाळेसाठी सायकली देते. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरील वस्तू व सेवा करही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचा रस्ता काढून घ्यायचा, हे धोरण म्हणता येणार नाही.

यासाठी अफाट खर्च लागतो असेही नाही. गावांजवळच्या पट्ट्यांत पक्की, सलग बाजूपट्टी, दुतर्फा कडुनिंब व वड, आणि बसथांब्यांवर पिण्याचे पाणी एवढे झाले तरी पुष्कळ होईल. हौशी प्रवाशाला तो कष्टाचा दिवस वर्षातून एकदा येतो आणि तो त्याने स्वतः निवडलेला असतो. शाळेला जाणाऱ्या मुलीला आणि कामाला जाणाऱ्या मजुराला तो रोज येतो, आणि त्यांना निवड नसते. महामार्गाची योग्यता ठरवायची ती यांच्यावरून.