दोन महिने फुकट राबणं कुणाला परवडतं?

मार्च आला की आमच्या एम. ए. एज्युकेशनच्या वर्गात एकच चर्चा: उन्हाळ्यात इंटर्नशिप कुठे? मागच्या वर्षी मला दिल्लीच्या एका संस्थेकडून होकार आला. शिक्षण धोरणावर आठ आठवडे काम. मेलच्या शेवटी एक ओळ होती, मानधन मिळणार नाही. अब्बांना मी ते दाखवलंच नाही. श्रीरामपुरात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. दिल्लीतलं दोन महिन्यांचं भाडं त्यातून निघत नाही, हे सांगायला त्यांना का लाजवायचं?

नीती आयोगाच्या इंटर्नशिपलाही मानधन नसतं. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये ठेवले होते, पण ज्याचं शिक्षण चालू आहे तो अपात्र. म्हणजे शिकताना अनुभव हवा असेल तर घरचे पैसे घाला. मग धोरण लिहिणाऱ्यांत आपली मुलं दिसत नाहीत, याचं नवल कशाला?

शेवटी मॅडमच्या ओळखीने पाथर्डी तालुक्यात एका लहान संस्थेत काम मिळालं. महिना सहा हजार आणि एसटीचं भाडं. मुक्काम शेवगावला खालाकडे. अम्मीला दिल्लीपेक्षा हे पटलं, हेही खरं.

मैत्रिणी हसल्या. मे महिन्यात शाळा बंद, तू शिक्षणाचा अभ्यास काय करणार? मलाही तीच धाकधूक होती. पण आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की उत्तरेला साखर कारखाने आणि दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून निघणाऱ्या ऊसतोड टोळ्या. दिवाळीच्या आसपास गेलेली कुटुंबं कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. ज्या मुलांची शाळा सुटते, ती मेमध्येच गावात भेटतात. जानेवारीत गेले असते तर घरांना कुलपं दिसली असती.

एका मुख्याध्यापकांनी सुट्टीतही दोन सकाळी शाळा उघडली. हजेरीपट घेऊन मी घरोघरी फिरले. सहावीतली एक मुलगी आधीची दोन वर्षं हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात टिकली होती, कारण रात्री आजीजवळ झोपायची सोय होती. आजी वारली. मग ती टोळीबरोबर गेली आणि कोपीवर धाकट्या भावाला सांभाळत बसली. दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दिलेलं शिक्षण हमी कार्ड तिच्या आईने पेटीतून काढून दाखवलं. घडीही मोडली नव्हती. फड सारखे बदलतात, कुठल्या शाळेत दाखवणार, असं ती म्हणाली. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. मी ते वाचून परीक्षेत लिहिलं होतं. त्या ओट्यावर बसून मात्र मला ते तिला सांगायचं धाडस झालं नाही.

दिल्लीत यापेक्षा जास्त शिकले असते, असं मला वाटत नाही. प्रमाणपत्र मात्र वजनदार मिळालं असतं, आणि नोकरीच्या वेळी तेच विचारतात.

ती मुलगी मुसलमान नव्हती. हे सांगते, कारण 'आपल्या उर्दू शाळांवर काम कर ना' असा सल्ला मला बरेचदा मिळतो. तेही काम आहेच. पण दरवेळी आपण आपल्यावरच का लिहायचं?

आता तक्रार आपल्याच माणसांकडे. निकाल लागले की मोहल्ल्यामोहल्ल्यात गुणगौरव होतात: मंडप, शाली, ट्रॉफ्या, पाहुण्यांची भाषणं. माझ्याकडे अशा चार ट्रॉफ्या आहेत. एका कार्यक्रमाच्या मंडप-जेवणाच्या खर्चात एका विद्यार्थ्याचा उन्हाळा निघेल. संगमनेरच्या डायटमध्ये किंवा नगरला जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात कॉलेजचं पत्र घेऊन गेलं तर कामाचं विचारता येतं. अडतं ते राहण्या-खाण्यापाशी.

आमच्या मोहल्ल्यातल्या ट्रस्टला मी अर्ज लिहिलाय: एक विद्यार्थी, दोन महिने, महिना आठ हजार, विषय त्याच्या आवडीचा. सचिव म्हणाले, मीटिंगमध्ये ठेवतो. पुढची मीटिंग गुणगौरवाच्या तयारीची आहे. मी जाणार आहे.