आधी दुर्लक्ष, मग काढा

‘शुगर बॉर्डरवर आहे, जरा सांभाळा.’ रक्ताचा रिपोर्ट हातात देताना डॉक्टरांनी म्हटलेलं हे वाक्य आज महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत येऊन पोचलं आहे. ऐकणाऱ्याला त्यातलं एवढंच ऐकू येतं की गोळी लागलेली नाही. रिपोर्टची घडी कपाटात जाते, चार दिवस चहा बिनसाखरेचा होतो आणि पाचव्या दिवशी सगळं पूर्ववत सुरू होतं. आमच्या मते आज राज्यापुढचा सर्वांत मोठा आरोग्यविषयक धोका याच वाक्यात दडलेला आहे आणि तो कुणालाही धोका वाटत नाही, ही त्याहून चिंतेची बाब आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असं त्या पाहणीने दाखवलं. रक्तदाब वाढलेले प्रौढ तीनात एक. उंबरठ्यावरची माणसं प्रत्यक्ष रुग्णांपेक्षा जास्त आहेत, याचा अर्थ पुढच्या दहा-पंधरा वर्षांत डायलिसिसच्या खुर्च्या कोण भरणार, पायाच्या जखमा चिघळून शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोण जाणार, पन्नाशीच्या आत हृदयविकाराने कोण कोसळणार, याची यादी आजच तयार आहे. त्या यादीतली नावं खोडता येतात. पण त्यासाठीची मुदत मर्यादित आहे आणि आपण ती वाया घालवत आहोत.

खोडता येतात, हे आम्ही भाबड्या आशेने म्हणत नाही. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये साखर वाढू लागलेल्या ५७७ जणांवर अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींना सहा वर्षं आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन मिळालं. तीस वर्षांनंतरही त्या गटात मधुमेह उशिरा आला, हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी राहिले. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेमाने चालणं आणि जेवणातले बदल यांनी मधुमेहाची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी घटली. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा झाला. म्हणजे या टप्प्यावर चालणारे पाय आणि घरचं ताट गोळीच्या बरोबरीने काम करतात. एकदा ही वेळ टळली, स्वादुपिंड थकलं, की तेच ताट आणि तेच पाय औषधाचे सोबती होऊ शकतात. औषधाची जागा घेऊ शकत नाहीत.

आणि नेमकं इथेच आपण उलटं वागतो. आजार होण्याआधी जे घरात करायचं ते करत नाही. आजार झाल्यावर जे दवाखान्यात करायचं ते घरात करत बसतो.

‘मी कुठे जाड आहे?’ हा प्रश्न मराठी माणसाने तर विचारूच नये, कारण त्याचं उत्तर पुण्यानेच जगाला दिलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. इथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून. तुटवडा होता तो स्नायूंचा. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं शेजारी-शेजारी छायाचित्र छापलं होतं. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात काय साठतं, ते वजनकाट्यावर दिसत नाही. म्हणून काट्याआधी शिंप्याची टेप काढावी. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर ओलांडत असेल तर तपासणी करून घ्यायला हवी, मग शर्ट कितीही ढगळ बसत असो. याज्ञिकांच्या कामातून निघालेली आणखी एक गोष्ट आपण विसरू नये: या आजाराची मुळं आईच्या गरोदरपणातल्या पोषणात आहेत. घरातल्या सुनेच्या ताटात शेवटी उरलेलं वाढण्याची रीत पुढच्या पिढीच्या रक्तात उतरते.

आता ताटाकडे येऊ. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहारमार्गदर्शिका प्रसिद्ध केली. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहाराशी जोडलेलं आहे, असं ती सांगते. २००० कॅलरींच्या दिवसासाठी तिने दिलेलं प्रमाण घरात मोजून पाहण्यासारखं आहे: २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम दाणे-बिया आणि तेल-तूप मिळून फक्त २७ ग्रॅम. या हिशेबाने चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर तेल पुरायला हवं, तेही तूप त्यातच धरून. वाण्याची यादी काढा आणि आपल्याकडे पाच लिटरचा डबा किती दिवसांत रिकामा होतो ते पाहा. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचाभर. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण आणि वेफर्सचं एखादं पाकीट एवढ्यात तो चमचा संपतो; भाजी-आमटीचं मीठ अजून बाजूलाच राहिलेलं असतं.

मराठी ताटाची खरी उणीव मात्र तेलमिठाहून खोल आहे. भाताचा किंवा पोळ्यांचा ढीग, त्यावर पळीभर पातळ वरण आणि तोंडी लावायला चमचाभर भाजी, असं आपलं रोजचं जेवण झालं आहे. ‘भाकरी खा, साखर जाईल’ हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. ज्वारी-बाजरी-नाचणी चांगलीच, सोलापूर-मराठवाड्याच्या शेतीला आणि पोटाला दोन्हींना ती धार्जिणी आहे. पण दोन पोळ्यांऐवजी तीन भाकऱ्या खाऊन काहीच साधत नाही. त्याच देशव्यापी पाहणीतून २०२५ मध्ये निघालेला निष्कर्ष सांगतो की आपल्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते आणि नुसतं एक पीठ बदलून दुसरं घेतल्याने धोका घटत नाही. पिष्टाचा वाटा कमी करून प्रथिनांचा वाढवला तरच तो घटतो. म्हणजे भाकरी एक आणि तिच्यासोबत वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, दाट वरण, ताक, खाणाऱ्याला अंडं-मासळी, आणि भाजी पोटभर. मेथी, चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला यांतलं काहीही महागड्या दुकानात शोधावं लागत नाही. आठवडी बाजारात बाया ते जुड्या बांधून विकतात आणि आपण ते ओलांडून बेकरीच्या काउंटरकडे जातो. उपवासाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे. त्याला बटाट्याची आणि तुपाची जोड दिलेला दिवस साखर वाढलेल्या माणसासाठी आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस ठरतो. भगर, राजगिरा, दाणे, दही, काकडी यांवर उपवास उत्तम होतो आणि श्रद्धेलाही धक्का लागत नाही.

व्यायामाबद्दल फार बोलण्याची गरज नाही, कारण माहीत नसलेलं काहीच नाही. आठवड्याला १५० मिनिटं धाप लागेल एवढं चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम एवढंच अपेक्षित आहे. तरीही २०२२ मध्ये देशातले निम्मे प्रौढ तेवढीही हालचाल करत नव्हते. २००० मध्ये हे प्रमाण पाचात एक होतं. स्त्रियांची अवस्था पुरुषांहून वाईट आहे. ‘घरकामात होतो की व्यायाम’ हे त्यांना ऐकवलं जातं. त्यांच्या वाट्याचा अर्धा तास कुणी मोकळा करून देत नाही. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेला, अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं, गावोगाव तालमी होत्या. त्या परंपरेच्या राज्यात आज शाळेचं मैदान वाहनतळ होतं आणि खेळाचा तास गणिताला दिला जातो. जोर-बैठकांना लागणारी दोन हात जागा मात्र अजून प्रत्येक घरात आहे.

आता घरगुती उपायांविषयी. त्यांची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. जगातला बहुधा सर्वांत जास्त जीव वाचवणारा उपाय स्वयंपाकघरातल्याच जिनसांचा आहे: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा विरघळवलेलं पाणी पाजून हजारो माणसं जगवली. खोकल्याला मध, घसा धरला तर मिठाच्या गुळण्या, बद्धकोष्ठाला इसबगोल, मळमळीला आलं, भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी. हे सगळं उपयोगी आहे. मर्यादाही त्याच श्वासात सांगायला हवी. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून होणारी विषबाधा जिवावर बेतू शकते. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद काहीही फासू नये. लहान मुलाला उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेला बसवू नये.

धोका सुरू होतो तो उपाय औषधाच्या जागी जाऊन बसतो तेव्हा. मोबाइलवर येणाऱ्या एखाद्या चित्रफितीत कुणी छातीठोकपणे सांगतो की चाळीस दिवस अमुक पाला खा आणि गोळ्या फेकून द्या. फेकल्या जातात. कारल्याचा रस, मेथीचं पाणी घेत तीन-चार महिने जातात, थकवा वाढतो, चप्पल घासून पायाला झालेली जखम बरी होत नाही, तिच्यावर हळद दाबली जाते आणि माणूस दवाखान्यात येतो तोवर बोट काळं पडलेलं असतं. बालवयात मधुमेह झालेल्या लेकराचं इन्सुलिन असं थांबवलं तर काही दिवसांतच त्याचा जीव जाऊ शकतो. कावीळ ‘उतरवून’ घेण्यासाठी नाकात थेंब टाकायला रांगा लागतात आणि मूळ यकृताचा आजार आतल्या आत वाढत राहतो. करोनाच्या काळात काढ्यांचा अतिरेक झाला. गुळवेल सतत घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, पण वनस्पती म्हणजे निरुपद्रवी हा समज सोडायला तेवढी नोंद पुरेशी आहे.

सर्वांत घातक शब्द मात्र ‘गॅस’. पहाटे छातीत दाबल्यासारखं होतं, दरदरून घाम येतो, डावा हात किंवा जबडा भरून येतो आणि घरातलं कुणी तरी ओवा आणि काळं मीठ पुढे करतं. मग सोडा, मग पोटावर हिंग. एक तास जातो, दोन जातात. हृदयाच्या स्नायूला रक्त न मिळाल्याचं प्रत्येक मिनिट कायमचं नुकसान करत असतं. काही मधुमेहींना तर ही कळ फारशी जाणवतही नाही. अशा वेळी करायचं काम एकच: १०८ ला फोन किंवा मिळेल त्या वाहनाने ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात. ओवा नंतर खाता येईल.

लोकांना शहाणपण शिकवून शासनाची सुटका होत नाही. आजार बरे करण्याच्या खोट्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. मधुमेहाचा त्याच्या यादीत स्पष्ट उल्लेख आहे, तरी ‘मधुमेह मुळासकट’ असे फलक बसस्थानकांवर झळकतात. तिशीपुढच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय आयुष्मान आरोग्य मंदिरांत आहे, आशाताई घरोघर फिरून अर्जही भरून घेतात. उंबरठ्यावर सापडलेल्या माणसाला मात्र पुढे बोलावून घेणारं, त्याची कंबर दर तीन महिन्यांनी मोजणारं, त्याच्याशी ताटाबद्दल बोलणारं कुणीही नाही. हे काम करणारा आहारमार्गदर्शक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवा. डायलिसिसच्या एका केंद्राच्या खर्चापुढे त्याचा पगार काहीच नाही. चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर समोरच काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. आपल्याकडे २०२२ मध्ये अशा पाकिटांना तारे देण्याचा मसुदा पुढे आला. तारा हे शाबासकीचं चिन्ह आहे. तीनशे मिलिलिटर कोलात तीस ग्रॅमच्या वर साखर असते, तिच्यावर इशारा हवा.

आणि शाळा. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंदी आहे. कोणत्याही गावातल्या शाळेच्या मधल्या सुट्टीत उभं राहून पाहावं: फाटकाला लागून असलेल्या टपरीवर पाच रुपयांच्या रंगीत पाकिटांच्या माळा लटकत असतात आणि मुलं घोळक्याने तिथेच असतात. त्याच मुलांना शालेय पोषण आहारातून नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एक अंडं मिळू लागलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी बंद केला आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना कळवलं. वर्गणी जिथे जमते तिथल्या मुलांना घरीही अंडं मिळतं. जिथे जमत नाही तिथल्या मुलांसाठीच ती योजना होती. तो निधी पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडण्याआधी पूर्ववत करावा आणि ५० मीटरचा नियम मोडणाऱ्या टपऱ्यांची यादी प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने शाळानिहाय जाहीर करावी.